विमान उतरल्यानंतर : 'एअरलिफ्ट' आणि कुवेतचा हिशेब

'एअरलिफ्ट' हा राजा कृष्ण मेनन यांचा हिंदी चित्रपट २२ जानेवारी २०१६ रोजी पडद्यावर आला. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी आपल्या मंडळींत त्याचे नाव अजून निघते. टीव्हीवर लागला की आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसतात, डोळे पुसतात आणि "असा हवा सिनेमा" म्हणतात. मग इतक्या उशिरा त्यावर लिहायचे काय कारण, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की हा चित्रपट जिथे संपतो, तिथून खरा अवघड भाग सुरू होतो. लढाई थांबल्यावर लुटलेल्याला त्याचे कोण देते, हरवलेल्याला कोण शोधते आणि दोन शेजारी पुन्हा एका बांधावर कसे नांदतात, हे प्रश्न आज इस्राएलातल्या घराघरांत आहेत. कुवेतने त्यांची काही उत्तरे दिली, काही दिली नाहीत. चित्रपटाने मात्र प्रश्नच विचारले नाहीत. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आधी चित्रपटाचे श्रेय त्याला देऊ. कथा थोडक्यात अशी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरते. रणजीत कट्याल हा तिथला गबर भारतीय व्यापारी. स्वतःला कुवेती म्हणवून घेणारा, हिंदुस्थानचे नाव काढले की नाक मुरडणारा. त्याचा ड्रायव्हर त्याच्या डोळ्यांदेखत गोळी लागून मरतो आणि हा माणूस हळूहळू बदलतो. अडकलेल्या भारतीयांची छावणी, धान्याची जमवाजमव, लाच मागणारा इराकी मेजर, दिल्लीत फायलींशी झगडणारा एक अधिकारी, मग जॉर्डनकडे निघालेला गाड्यांचा तांडा, तिरंगा आणि विमान. अक्षय कुमारने कुठेही आरडाओरडा न करता काम केले आहे. निम्रत कौरची पत्नी खरी वाटते. प्रकाश बेलवाडींचा जॉर्ज कुट्टी तर अप्रतिम. सगळ्यात आधी मदत घेणारा आणि सगळ्यात जास्त कुरकुर करणारा असा एक गृहस्थ आपल्या प्रत्येक सिनेगॉगच्या कमिटीतही असतोच, त्यामुळे त्याला पाहून आपण मोकळेपणाने हसतो.

आपल्याला हा विषय परका का वाटत नाही, तेही सांगायला हवे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा ही आपल्या वाडवडिलांची गावे. तिथल्या आपल्या शेजाऱ्यांपैकी, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले, कितीतरी तरुण आखातात गेले. आपण अलिया केली, त्यांनी आखात गाठले. एका गल्लीतून निघालेली ही दोन प्रकारची माणसे. कुवेतचा व्यवहार तर मुंबईशी इतका जुना की १९६१ पर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालत होता. इस्राएलात आपण ज्यांची नावे ऐकली ते गवई-वादक बंधू सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे यहुदी भाऊ जन्माने कुवेतचेच. बगदादला नाव कमावून ते १९५१ च्या सुमारास इस्राएलला आले. शिवाय १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सद्दामची सुमारे चाळीस स्कड क्षेपणास्त्रे आपल्या देशावर आली, तेव्हा 'हेदेर अतूम' मध्ये खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडाला गॅसमास्क बांधून आपण सगळे बसलो होतो. कुवेतच्या युद्धाचा एक तुकडा आपल्या घरातही पडला आहे.

आता तक्रारीकडे येते. चित्रपटात खलनायक दोन आहेत. एक इराकी सैनिक आणि दुसरी सरकारी कचेरी. फोन कोणी उचलत नाही, मंत्र्यांना वेळ नाही, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. जे काही होते ते एका शूर व्यापाऱ्यामुळे आणि एका भल्या अधिकाऱ्यामुळे. प्रेक्षकाला हे पटते, कारण सरकारी खिडकीसमोर ताटकळण्याचा अनुभव कोणाला नाही? पण प्रत्यक्षात तसे घडले नाही. कट्याल हे पात्र काल्पनिक आहे. कुवेतमध्ये काही भारतीय व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मोठे काम केले हे खरे, पण त्या वेळी परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दाम हुसेनला भेटले होते आणि खात्यातली माणसे रात्रंदिवस राबत होती. चित्रपट आल्यावर परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनी आणि निवृत्त मुत्सद्द्यांनी तसा जाहीर आक्षेपही घेतला. शेवटी पडद्यावर जे आकडे येतात, ५९ दिवस, ४८८ उड्डाणे, १,७०,००० माणसे, ते आकडे एकट्या वीराच्या हातून होत नाहीत. त्याला विमान कंपनी लागते, वकिलात लागते, जॉर्डनच्या सीमेवर शिक्का मारणारा कारकून लागतो. संस्थेचे काम पडद्यावर रंगत नाही, म्हणून दिग्दर्शकाने ते गाळले. करमणुकीसाठी हे चालेल. पण त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एक चुकीचा धडा पक्का होतो की संकटात संस्था निरुपयोगी आणि माणूसच काय तो उपयोगी.

दुसरी तक्रार अधिक मोठी आहे. माणसांची सुटका झाली की चित्रपट संपतो. त्या माणसांनी मागे काय सोडले? वीस-वीस वर्षांची मजुरी, बँकेतली ठेव, दुकान, शिलाई यंत्र, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले सोने. रिकाम्या हाताने ते गावी पोचले. त्यांच्या मनातला राग पुढे कुठे गेला?

तो राग जिनिव्हातल्या एका कचेरीत गेला. २ ऑगस्ट ते फेब्रुवारी १९९१ अखेर कुवेत इराकच्या ताब्यात होते. सुटका झाल्यावर ३ एप्रिल १९९१ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६८७ केला. त्यात सांगितले की या आक्रमणामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीला इराक जबाबदार आहे. पुढच्याच महिन्यात, २० मे रोजी ठराव ६९२ ने संयुक्त राष्ट्र भरपाई आयोग स्थापन केला. पैसा कुठून? इराकच्या तेलातून. तेलविक्रीचा तीस टक्के हिस्सा या आयोगाच्या निधीत जायचा असे ठरले. आपण शनवार तेली. घाण्यातून किती तेल निघते आणि कोणाच्या वाटीत जाते, हा हिशेब आपल्या पूर्वजांना कळत होता. तो जरा नीट पाहू.

आयोगाकडे जवळपास २७ लाख दावे आले. मागणीची एकूण रक्कम ३५२.५ अब्ज डॉलर. पंधरा लाखांहून अधिक दावेदारांना मिळून ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले. म्हणजे मागितलेल्या रुपयातले पंधरा पैसे. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला, कुवेतच्या पेट्रोलियम कंपनीच्या १४.७ अब्ज डॉलरच्या दाव्यापोटी, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेने आयोगाचे काम संपल्याचे जाहीर केले. एकतीस वर्षे! चित्रपटात दाखवलेल्या ५९ दिवसांपुढे हे एकतीस वर्षांचे काम ठेवून पाहा.

या आयोगाने तीन गोष्टी अशा केल्या की ज्या इतर ठिकाणी क्वचितच होतात.

पहिली, त्याने लहान माणसाला रांगेत पुढे उभे केले. दाव्यांचे गट पाडले होते. 'ए' गट केवळ देश सोडून पळावे लागले अशांचा. त्यात एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. दुसऱ्या गटात दावा करणार नाही असे लिहून दिले तर चार हजार आणि आठ हजार. 'बी' गट ज्यांचे माणूस गेले किंवा जबर इजा झाली त्यांचा. 'सी' गट एक लाख डॉलरपर्यंतच्या वैयक्तिक नुकसानीचा. मोठे व्यापारी, कंपन्या आणि सरकारे त्यांच्या मागे. जगाच्या इतिहासात युद्धाची भरपाई राजाने राजाला द्यायची अशी रीत होती. इथे प्रथमच घरकाम करणारी बाई तेल कंपनीच्या आधी खिडकीवर आली. 'ए' गटातच नऊ लाखांहून अधिक दावे होते, आणि त्यात भारतीय, इजिप्शियन, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन कष्टकरी लोकांचा मोठा भरणा होता.

दुसरी, त्याने पळून आलेल्या माणसाकडे अशक्य पुरावे मागितले नाहीत. जो जीव घेऊन वाळवंटातून आला त्याच्याजवळ पावती कुठून असणार? त्याने फक्त तो त्या काळात तिथून निघाला हे दाखवायचे. मग सीमेवरच्या नोंदी, प्रवाशांच्या याद्या यांच्याशी ती माहिती संगणकावर ताडून पाहायची. चित्रपटातला कारकून याद्या करताना आपल्याला कंटाळवाणा वाटतो. पण त्याच याद्यांनी पुढे गरिबाच्या हातात पैसे ठेवले. मी जन्मभर वर्गात हजेरी घेतली, म्हणून म्हणते की नाव लिहून ठेवणे हे लहान काम नाही. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी पुढे कोणाला भांडता येत नाही.

तिसरी, त्याने दार कोणत्या देशासाठी बंद ठेवले नाही. इस्राएलातले फुले आणि फळे पिकवून परदेशी पाठवणारे शेतकरी, हॉटेलवाले, थिएटरवाले यांनीही दावे केले आणि त्यांतल्या अनेकांना भरपाई मिळाली. इराकने आणि अनेक अरब देशांनी ज्या राष्ट्राला मान्यता दिली नव्हती, त्या राष्ट्रातल्या फुलबागेचे नुकसान त्याच चौकटीत मोजले गेले. जमिनीचे, समुद्राचे नुकसानही मोजले. इराकी सैन्याने जाताना सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या होत्या, शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ ला विझली. पर्यावरणाच्या दाव्यांना सुमारे ५.३ अब्ज डॉलर मिळाले.

इथपर्यंत सगळे कौतुक. पण शिक्षकाने उत्तरपत्रिकेवर नुसते गुण देऊन भागत नाही, चुकाही लाल शाईने दाखवाव्या लागतात.

पहिली चूक : पैसे कोणाच्या खिशातून गेले? सद्दामच्या वाड्यातून गेले नाहीत. इराकवर त्या वेळी कडक निर्बंध होते. तेल विकायला परवानगी नव्हती, म्हणून भरपाईसुद्धा अडली. डिसेंबर १९९६ मध्ये 'अन्नासाठी तेल' योजनेखाली तेल निघू लागले, तेव्हा निधीत खरा पैसा आला. म्हणजे ज्या तेलातून इराकी लेकरांचे दूध आणि औषध यायचे, त्याच तेलातून तीस टक्के बाहेर जात होते. संयुक्त राष्ट्रांचेच बगदादमधले अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली आणि त्यांच्यामागून आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० साली या निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामे दिले. त्याच २००० साली हिस्सा पंचवीस टक्क्यांवर आला आणि सद्दाम गेल्यावर २००३ मध्ये पाच टक्क्यांवर. उशिरा सुचलेले शहाणपण. शिवाय हा आयोग न्यायालय नव्हता. इराकला एकेका दाव्यात उभे राहून आपली बाजू मांडण्याचा हक्क नव्हता. हरलेल्याला बोलू द्यायचे नाही, फक्त वसूल करायचे, असे झाले की तो पैसा देतो पण मनातून कबूल करत नाही.

याचा परिणाम सीमेच्या बाबतीत दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने इराक-कुवेत सीमा आखली, सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये ठराव ८३३ ने ती पक्की केली, इराकने १९९४ च्या नोव्हेंबरात ती मान्य केली. कागद पुरा झाला. खोर अब्दुल्ला या खाडीतल्या जहाजवाहतुकीबद्दल दोन्ही देशांनी २०१२ मध्ये करारही केला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने त्या कराराला मंजुरी देणारा कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण संसदेत दोन-तृतीयांश मते घेतली नव्हती. तीस वर्षांनी जुनी जखम पुन्हा ओली झाली. वरून आखलेली रेघ नकाशावर राहते. ती लोकांच्या मनात उतरायला त्यांच्या संमतीचा एक मार्ग लागतो, आणि तो सुरुवातीला कोणी ठेवला नाही.

दुसरी चूक : दावा सरकारमार्फत करायचा होता. भारताने परराष्ट्र खात्यात त्यासाठी खास कक्ष उघडला आणि आपल्या लोकांचे अर्ज जमा केले. ज्याच्या पाठीशी राज्य नाही त्याने काय करायचे? युद्धापूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, इंजिनिअर, कारकून, ज्यांनी ते राज्य उभे करायला हात लावला. त्यांच्या पुढाऱ्यांनी सद्दामची बाजू घेतली असे मानून सुटकेनंतर कुवेतने जवळजवळ सगळ्यांना जायला लावले. नेत्याच्या भूमिकेची शिक्षा शाळामास्तरला. २००४ च्या डिसेंबरात महमूद अब्बास यांनी कुवेतला जाऊन माफी मागितली, पण तोवर ती घरे उठून गेली होती. त्यांच्या दाव्यांसाठी आयोगाला पुढे संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांची मदत घ्यावी लागली आणि उशिरा आलेले अर्ज वेगळे स्वीकारावे लागले. त्यातही गुंता. कुवेतच्या कायद्याने धंद्याचा परवाना कुवेती माणसाच्या नावावर आणि दुकान चालवणारा परका. म्हणून एका दुकानाचे दोन दावे आले. एक कागदावरच्या मालकाचा, एक गल्ल्यावर बसणाऱ्याचा. ते सोडवायला वेगळी पंचमंडळी नेमावी लागली. आखातात राहून आलेल्या कोणत्याही कोकणी माणसाला विचारा, त्याला हा 'कफील'चा प्रकार एका वाक्यात समजेल.

आणि 'बिदून'? हे कुवेतमध्येच जन्मलेले, पण कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेले लोक. त्यांतले अनेक कुवेतच्या सैन्यात आणि पोलिसात होते. त्यांची संख्या आजही सुमारे एक लाख सांगतात. त्यांना भरपाईचा काही वाटा मिळाला, पण नागरिकत्व मिळाले नाही. भरपाई आयोग घराची किंमत देऊ शकतो. "हे घर तुझे आहे" असे म्हणणे त्याच्या हाती नसते, ते राज्याच्या हाती असते.

तिसरी चूक मला सर्वात खोल वाटते. आयोगाने किती गेले ते विचारले, कोणी केले ते विचारले नाही. कुवेतमधून नेलेली ६०५ माणसे बेपत्ता होती. त्यांना शोधण्यासाठी १९९१ मध्ये रेडक्रॉसच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय आयोग झाला. पण १९९९ पासून इराकने बैठकांना येणेच थांबवले. सद्दाम पडल्यावर सामूहिक कबरी उघडल्या, तेव्हा अवशेष मिळू लागले आणि डीएनए तपासून एकेका घराला निरोप जाऊ लागला. हे काम आजही पुरते संपलेले नाही. पैसे पोचले, माणूस पोचला नाही. आपण 'शिवा' बसणारे लोक. पुरायला देह नसला तर बसायचे केव्हा आणि उठायचे केव्हा, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर तर नकोच.

'एअरलिफ्ट'मध्ये या तिन्ही गोष्टींना जागा नाही. एक कुवेती बाई तान्ह्या बाळासह भारतीयांच्या आश्रयाला येते, तेवढाच कुवेतचा चेहरा. ती भारतीयांना किती मोठे मन आहे हे दाखवण्यापुरती आहे, तिच्या देशाचे काय झाले हे सांगण्यासाठी नाही. पॅलेस्टिनी नाहीत, बिदून नाहीत. याच विषयाला हात घालणारी एक कुवेती कादंबरी मात्र यापेक्षा फार पुढे जाते. सौद अल-सनौसी यांची 'साक अल-बांबू', म्हणजे बांबूचा दांडा. तिला २०१३ चे अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नायक फिलिपिनो मोलकरणीचा आणि कुवेती मालकाच्या मुलाचा पोरगा. बाप इराकी ताब्यात असताना नाहीसा झालेला, आणि बापाचा जिवलग मित्र बिदून. युद्धात देशासाठी मरणाऱ्याच्या मुलाला देश घरात घेतो का, हा प्रश्न ती विचारते. तिथे सुटका करणारा वीर नाही. आहे ते घराण्याचे नाव, ओळखपत्र आणि दार उघडायला कचरणारी आजी. परक्या देशातून आलेल्या, रंगावरून ओळखल्या गेलेल्या आपल्या पिढीला ही आजी लगेच कळेल. १९६४ पर्यंत आपण यहुदी आहोत की नाही याची इथे चौकशी होत होती, हे आपल्या नातवंडांना ठाऊक नसेल, आपण विसरलेलो नाही.

आता थोडी तुलना. आपल्या देशाने 'शिलूमिम' चा वाद पाहिला आहे. जानेवारी १९५२ मध्ये जर्मनीशी बोलणी करायची की नाही यावर क्नेसेटबाहेर दगड पडले. आत ६१ विरुद्ध ५० मतांनी बोलणी करायचे ठरले. १० सप्टेंबर १९५२ ला लक्झेंबर्गमध्ये करार झाला. जर्मनीने इस्राएलला तीन अब्ज मार्क आणि यहुदी संस्थांच्या दावे परिषदेला पंचेचाळीस कोटी मार्क द्यायचे. बेगिन यांचा संताप मला आजही चुकीचा वाटत नाही, आणि बेन-गुरिऑन यांचा निर्णयही नाही. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे घेणाऱ्याच्या संसदेत मतदान झाले आणि देणाऱ्याच्याही संसदेत झाले. जर्मन लोकांना आपण का देतो आहोत हे आपसात वाद घालून ठरवावे लागले. इराकी लोकांना तशी संधी १९९१ मध्ये मिळाली नाही. तरीही २००३ नंतरच्या इराकी सरकारांनी, मध्ये आयसिसच्या लढाईमुळे काही वर्षे खंड पडला तो सोडला तर, शेवटच्या डॉलरपर्यंत फेड केली. त्याबद्दल त्या देशाला फारसे कोणी शाबास म्हटले नाही. कुवेतने मात्र २०१८ च्या फेब्रुवारीत इराकच्या पुनर्बांधणीसाठी आपल्या राजधानीत परिषद भरवली आणि स्वतः दोन अब्ज डॉलर देऊ केले. एकीकडे वसुली पुरी करायची आणि दुसरीकडे उभे राहायला हात द्यायचा, ही गोष्ट शेजारधर्माच्या जवळची आहे.

मुंबईचे उदाहरण उलट्या बाजूचे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग बसला. त्याने काय झाले, कोणी केले हे स्पष्ट लिहिले आणि १९९८ मध्ये अहवाल दिला. पण शिफारशी बहुतांशी कागदावर राहिल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला बेपत्ता माणसांच्या कुटुंबांच्या भरपाईबद्दल पुन्हा आदेश द्यावे लागले. जिनिव्हाच्या आयोगाजवळ पैसा होता, सत्य विचारण्याचा अधिकार नव्हता. मुंबईच्या आयोगाने सत्य सांगितले, अंमलबजावणीची शक्ती त्याच्याजवळ नव्हती. एकेक पाय असलेल्या या दोन संस्था. टिकाऊ शांततेला दोन्ही पाय लागतात.

आणि काही हिशेब असे की त्यांना एकही पाय मिळाला नाही. मार्च १९५१ मध्ये इराकने देश सोडायला नाव नोंदवलेल्या यहुद्यांची मालमत्ता गोठवली. आपल्या सरकारने त्यावर क्नेसेटमध्ये जाहीर केले की ही रक्कम पॅलेस्टिनींच्या सोडून गेलेल्या मालमत्तेच्या हिशेबात धरली जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या समझोता आयोगाने त्या पॅलेस्टिनी जमिनींची नोंद १९६४ पर्यंत केलीही. ती फडताळात पडून आहे. बगदादचा सोनार आणि याफाचा बागायतदार, दोघांचीही चावी मुलाकडून नातवाकडे गेली. चावीबरोबर रागही गेला. कुवेतहून परतलेल्या कोकणी मजुराचा राग मात्र नातवापर्यंत पोचला नाही, कारण थोडे का होईना, कोणीतरी त्याचे नाव लिहिले, नुकसान मान्य केले आणि हातावर काही ठेवले. मोठ्या रकमेने त्याचे समाधान झाले असे मी म्हणत नाही. आपल्यावर अन्याय झाला हे जगाने लेखी कबूल केले, याने माणसाचे मन बरेच हलके होते.

म्हणून 'एअरलिफ्ट' चांगला चित्रपट आहे असे मी म्हणेन, पण पुरा नाही. त्याने सुटकेची गोष्ट सांगितली आणि शांततेची गोष्ट सांगितल्याचा आभास केला. आपल्या आजूबाजूची युद्धे केव्हा थांबतील हे सेनापती आणि मंत्री ठरवतील. पण थांबल्यावर ती थांबलेलीच राहतील की नाही, हे ठरेल ते कचेऱ्यांमध्ये. दाव्याचा अर्ज कोण घेईल, ज्याच्याजवळ कागद नाही त्याला कोणत्या खिडकीवर पाठवतील, लहान माणूस रांगेत पुढे असेल की मागे, हरलेल्याला बोलू देतील का, आणि बेपत्ता माणसाचा शोध पैशाचा हिशेब मिटल्यावरही चालू राहील का. आपल्यापैकी कितीतरी जणांनी नगरपालिका, टपाल, बँक, दवाखाने यांत नोकऱ्या केल्या. आपली मुले आज वकील आहेत, हिशेबनीस आहेत, सरकारी खात्यांत आहेत. त्यांच्या कामावर चित्रपट निघणार नाही. तरी नातवंडांबरोबर हा चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा शेवटी येणाऱ्या ४८८ उड्डाणांच्या आकड्यापुढे आणखी दोन आकडे त्यांना तोंडी सांगा : पंधरा लाख माणसांना मिळालेली भरपाई, आणि ज्यांतल्या अनेकांसाठी आजही कोणीतरी वाळवंट खणते आहे ती ६०५ नावे.